गोवर्धन आहारांतील ओसाड गांव आणि रयतेचें अभय

जुन्या कागदपत्रांच्या व कोरीव लेखांच्या अभ्यासांत लढाया, तह, वंशावळी व शकनिर्णय यांस जितकी जागा मिळते, तितकी ज्या भूमीवरून फौजा गेल्या त्या भूमीवरील कुणब्यास मिळत नाहीं. यांत संशोधकांचा दोष थोडा. साधनेंच बहुधा राजांनीं व राजसेवकांनीं लिहविलेलीं असतात. तरी त्याच साधनांत मधूनमधून एखादा शब्द असा येतो कीं, त्याच्या आडून गांवच्या घराचें दार उघडें पडलेलें दिसावें. नाशिकच्या लेण्यांतील असे दोन लेख येथें वाचकांपुढें ठेवून, त्यांच्या प्रकाशांत उत्तरकालीन कांहीं कागदांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न एकच : राजाराजांच्या कलहांत ज्याचा हात नाहीं, त्या सामान्य माणसास आपल्या घरीं निर्वेधपणें नांदण्याचा कांहीं अधिकार आपल्या देशांत मानिला जात असे काय, आणि असल्यास तो कोणत्या शब्दांत?

या अधिकारास आतां जागतिक नांव मिळालें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें १२ नोव्हेंबर १९८४ रोजीं जाहीरनामा काढून, जगांतील लोकसमूहांस शांततेचा पवित्र हक्क आहे असें घोषित केलें. पुढें १९ डिसेंबर २०१६ रोजीं दुसऱ्या जाहीरनाम्यानें तोच हक्क प्रत्येक व्यक्तीस लावून दाखविला. आमच्या जुन्या भाषेंत या अर्थीं ‘शांतता’ हा शब्द शोधीत बसणें व्यर्थ आहे. तेथें शब्द सांपडतात ते अभय, कौल, दिलासा, आणि त्याहूनही पूर्वींचा परिहार.

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें पांच मैलांवर जो डोंगर आहे त्यास लेखांत त्रिरश्मि, प्राकृतांत तिरण्हु, असें नांव आहे. सामान्य जन यास पांडवलेणीं म्हणतात. यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरींत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि याच्या दोन आज्ञा कोरल्या आहेत. एक त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षींची, दुसरी २४ व्या वर्षींची. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरसाठीं या लेण्यांतील लेखांवर परिश्रम केले, व पुढें सेनार यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत त्यांचें सांगोपांग संपादन केलें. लेख अशा रीतीनें सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु त्यांचा उपयोग बहुधा गौतमीपुत्राचा व नहपानाचा काल ठरविण्याकडेच झाला. त्यांतील शेताची हकीकत तशीच राहिली.

पहिली आज्ञा गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास उद्देशून आहे. गोवर्धन हें त्या काळीं आहाराचें, म्हणजे आजच्या भाषेंत जिल्ह्याचें, ठाणें होतें. त्याच नांवाचें गांव नाशिकच्या पश्चिमेस गंगापुराजवळ अद्याप नांदतें आहे. राजा कळवितो कीं, अपरकखडी गांवीं पूर्वीं उषवदाताच्या भोगवट्यांत असलेलें २०० निवर्तनांचें शेत आपण त्रिरश्मीवरील प्रव्रजितांस देत आहों. उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जांवई. तेव्हां हें शेत एका पराभूत सत्तेच्या हातून विजयी सत्तेच्या हातीं आलेलें आहे, आणि आज्ञा निघाली आहे तीही ‘विजयस्कंधावारां’तून, म्हणजे जय पावलेल्या फौजेच्या छावणींतून. ही छावणी नेमकी कोठें होती याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. लेखांतील वैजयंती हें सेनेचें विशेषण कीं वनवासी नगरीचें नांव, यावर तें अवलंबून आहे. आमच्या मुद्द्यास त्या वादानें बाध येत नाहीं. राजा फौजेंत आहे, दिवस वर्षाऋतूच्या दुसऱ्या पक्षाचे आहेत, आणि त्या फौजेच्या तळावरून तो एका शेताविषयीं लिहीत आहे, एवढें निर्विवाद आहे.

आतां त्या शेतास दिलेले परिहार पाहावे. ते असे : अप्रवेश, म्हणजे त्यांत कोणी शिरूं नये; अनवमर्श, म्हणजे त्यास कोणी हात लावूं नये; अलवणखातक, म्हणजे तेथें मिठासाठीं खणूं नये; अराष्ट्रसांविनयिक, म्हणजे प्रांताच्या अंमलदारांनीं तेथें आपला अंमल चालवूं नये; आणि शेवटीं, इतर सर्व प्रकारचे परिहार त्यास असावे. यांतील पहिला शब्द फार महत्त्वाचा आहे. ‘कोणी शिरूं नये’ यांतील ‘कोणी’ म्हणजे कोण, हें सातवाहनांनीं उघड लिहिलें नाहीं. पण पुढील राजवटींनीं लिहिलें आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत भट व छात्र यांचा प्रवेश नसावा असें स्पष्ट येतें, आणि राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत चाट व भट यांचा. भट म्हणजे शिपाई. चाटाच्या अर्थाविषयीं चर्चा आहे, पण तोही सरकारी हत्यारबंद मनुष्यांपैकींच दिसतो. शिपाई गांवांत शिरतो तो मुक्कामास, आणि मुक्काम म्हटला कीं गवत, सरपण, धान्य, दूध व खाट हीं आलींच.

येथें एका गोष्टीकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. दानपत्रांतील परिहारांची यादी वाचून त्या काळच्या राजांची दया वाखाणण्याची आमच्याकडे चाल आहे. आम्हांस ती यादी उलटी वाचावीशी वाटते. एका शेतांत शिपायांनीं शिरूं नये अशी आज्ञा ज्या अर्थीं दगडावर कोरावी लागली, त्या अर्थीं शेजारच्या शेतांत ते शिरत होते, आणि त्यांस कोणी अडवीत नव्हतें. भिक्षूंच्या २०० निवर्तनांस जें अभय मिळालें तें अपरकखडीच्या उरलेल्या शिवारास नव्हतें. परिहारांची यादी ही त्या काळच्या रयतेवरील भारांची यादी आहे. फक्त प्रत्येक भारामागें नकार लागला आहे. मेगॅस्थेनीस हा ग्रीक वकील सांगून गेला कीं, हिंदुस्थानांत शेजारीं लढाई चालू असतांही शेतकरी आपला नांगर निर्धास्त चालवितो, कारण त्यास कोणी इजा करीत नाहीं. हें वचन आमच्याकडे अभिमानानें उद्धृत होतें. तो मौर्यांच्या काळचा असल्यामुळें त्यास खोटा पाडण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्रिरश्मीवरील ‘अप्रवेश’ हा एक शब्द त्याच्या वर्णनाशेजारीं ठेवून पाहिल्यावर तें वर्णन वस्तुस्थितीचें असण्यापेक्षां आदर्शाचें असावें, असें वाटूं लागतें.

तथापि या परिहारास केवळ कृपा म्हणून बाजूस सारणेंही बरोबर नाहीं. आज्ञेंत असें सांगितलें आहे कीं, हें शेत व त्याचे परिहार यांचा निबंध करवावा, म्हणजे दफ्तरीं नोंद व्हावी. नोंद झालेली कृपा ही निराळी वस्तु होते. ती दाखवितां येते, तिच्यावर बोट ठेवून शिपायास अडवितां येतें, आणि देणारा गेला तरी ती राहते. याच लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या विहारांत उषवदात सांगतो कीं, त्यानें गोवर्धन नगराच्या वायव्य सीमेवरील एक शेत अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांस विकत घेऊन भिक्षुसंघास दिलें, आणि तें शेत त्या ब्राह्मणाच्या बापाचें होतें. प्रांताचा धनी असलेल्या क्षत्रपाचा जांवईही शेत बळकावीत नाहीं, मोल देऊन घेतो, आणि तें वडिलोपार्जित होतें हें लिहून ठेवतो. जमिनीवरील हक्क जेथें इतका स्पष्ट होता, तेथें जमीन निर्वेधपणें कसण्याच्या हक्काची जाणीव अगदींच नसावी, असें म्हणवत नाहीं.

दुसरी आज्ञा सहा वर्षांनंतरची. ती गोवर्धनच्या अमात्य श्यामकास आहे, आणि तींत राजाबरोबर राजमातेचेंही नांव आहे. आशय असा कीं, कखडी गांवीं पूर्वीं आम्हीं जें शेत दिलें तें कसलें जात नाहीं व तो गांव वसत नाहीं. तेव्हां येथें नगराच्या सीमेवर आमच्या मालकीचें जें राजकीय शेत आहे, त्यांतून १०० निवर्तनें या भिक्षूंस द्यावीं. परिहार पूर्वींचेच.

शेत कसलें जात नाहीं, गांव वसत नाहीं. प्रशस्तीचा एक शब्द नाहीं, खेदाचाही नाहीं. कारकुनी वाक्य आहे. परंतु सह्याद्रीच्या या बाजूस ओसाड गांवाची याहून जुनी सरकारी नोंद आम्हांस ठाऊक नाहीं. दोनशे निवर्तनांचें शेत, सर्व परिहारांनीं युक्त, दफ्तरीं नोंदलेलें. आणि सहा वर्षांच्या आंत तेथें नांगर धरणारा मनुष्य उरला नाहीं.

कां उरला नाहीं? लेख कारण सांगत नाहीं. रोग, अवर्षण, नदीचा पूर, कांहींही असूं शकेल. परंतु ज्या वर्षांत ही गोष्ट घडली तीं वर्षें कोणतीं हें विसरतां येत नाहीं. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. नाणीं १३ हजारांहून अधिक होतीं, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हा मारला होता. त्याची माता गौतमी बलश्री हिनें पौत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षीं याच लेण्यांत जी प्रशस्ति कोरविली, तींत क्षहरातांचा वंश आपल्या पुत्रानें निःशेष केला असें अभिमानानें म्हटलें आहे. म्हणजे हा प्रदेश नुकताच एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे शस्त्रबळानें गेला होता. अशा प्रदेशांतील, पूर्वसत्तेच्या जांवयाच्या भोगवट्यांतील गांव जेव्हां ओस पडतो, तेव्हां त्याचें कारण पर्जन्यापेक्षां फौजांत शोधणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें. मोबदला निम्मा कां दिला, याचाही उलगडा यांतून होऊं शकेल. नवें शेत नगराच्या सीमेवर, ठाण्याच्या नजरेखालीं आहे. तेथील शंभर निवर्तनें आडगांवच्या दोनशेंहून अधिक भरंवशाचीं होतीं.

बलश्रीच्या प्रशस्तींत आणखी दोन विशेषणें आहेत तीं या संदर्भांत वाचण्यासारखीं आहेत. एकांत राजाचा हात अभयाचें उदक देऊन देऊन ओला झाल्याचें वर्णिलें आहे. दुसऱ्यांत अपराधी शत्रूचीही प्राणहिंसा त्यास रुचत नसे असें म्हटलें आहे. हीं विशेषणें आणि क्षहरातांच्या निःशेषतेची बढाई एकाच भिंतीवर आहेत. मातेनें पुत्राविषयीं लिहविलेल्या लेखांत विसंगति शोधणें फारसें शोभत नाहीं. पण यावरून एक गोष्ट निश्चित होते ती ही कीं, राजानें अभय देणें हें त्याच्या पराक्रमाइतकेंच मिरविण्याजोगें कर्तव्य समजलें जात होतें. अभय हें देण्याची वस्तु होती, आणि लोक त्याची अपेक्षा करीत. युरोपांत शारू येथील धर्मसभेनें इसवी सन ९८९ त जे निर्बंध घातले, त्यांत शेतकऱ्याची व गरिबाची गुरें लुटणाऱ्यास बहिष्काराचा शाप होता. तेथें हें काम राजाला जमलें नाहीं म्हणून धर्मगुरूंनीं अंगावर घेतलें. येथें तें राजाच्याच हातच्या पाण्यांत होतें.

मधील दीड हजार वर्षें आम्ही ओलांडतों. इ. स. १६३० त शहाजहानच्या फौजेनें निजामशाहीवर स्वारी केली तेव्हां ख्वाजा अबुल हसन यास नाशिक, त्र्यंबक व संगमनेर हा मुलूख घेण्यास पाठविलें. बादशहानाम्याचा कर्ता अब्दुल हमीद लाहोरी सांगतो कीं, त्या मुलखांतील रयत डोंगरांत व रानांत पळून गेली होती आणि धान्य मिळेना. म्हणून सरदारानें डोंगराकडे टोळ्या पाठविल्या, व मग धान्य भरपूर मिळालें. बादशाही इतिहासकाराच्या दृष्टीनें ही रसदेची हकीकत आहे. ज्यांच्या पेवांतून व कणग्यांतून तें धान्य आलें त्यांचें पुढें काय झालें, हें त्यास लिहावेंसें वाटलें नाहीं. परंतु १६३० ते १६३२ या वर्षांतील दुष्काळानें दख्खनची काय दशा केली हें सर्वविश्रुत आहे. त्यानंतरही हा प्रांत फौजांच्या वाटेवरून हटला नाहीं. १७ ऑक्टोबर १६७० ची वणी-दिंडोरीची लढाई खरिपाचीं पिकें शिवारांत असण्याच्या दिवसांत झाली, आणि १६८२ पासून रामसेज किल्ल्याभोंवतीं मोंगलांचा तळ सुमारें पांच वर्षें हलला नाहीं. किल्लेदाराच्या चिकाटीच्या गोष्टी आजही सांगतात. पायथ्याच्या गांवांनीं त्या पांच वर्षांत इतक्या घोड्यांस व माणसांस काय पुरविलें याची गोष्ट कोणी सांगत नाहीं.

लढाई एका दिवसाची असते; छावणी चार महिन्यांची. रयतेचा जीव लढाईनें जितका जातो त्याहून अधिक छावणीनें जातो, हें ज्या राज्यकर्त्यानें सर्वांत स्पष्ट ओळखलें तो शिवाजी महाराज होय. चिपळुणानजीक घोडदळाची छावणी पडली असतां तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस त्यांनीं पावसाळ्याच्या तोंडीं लिहिलेलें, १६७३-७४ च्या सुमाराचें पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा युक्तिवाद पायरीपायरीनें चालतो. सांठविलेला दाणा व वैरण आतांच मन मानेल तशी उडविली तर भर पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरीं जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. मग जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही निघून जातील, कित्येक उपासानें मरतील, आणि मुलखांत आलेल्या मोंगलांपेक्षांही तुम्ही अधिक वाईट असें त्यांस वाटेल. यासाठीं प्रत्येकास खजिन्यांतून पैसा दिला आहे. जें हवें तें बाजारांत विकत घ्यावें. त्याच पत्रांत गंजीजवळ चूल पेटविणें, चिलीम ओढणें, आणि रात्रीं दिवा जळत ठेवल्यास उंदरानें वात पळविणें, येथपर्यंत खबरदारी सांगितली आहे. राजपत्रांत उंदीर क्वचितच येतो. ५ सप्टेंबर १६७६ चें प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्रही याच जातीचें आहे. त्यांत रयतेच्या भाजीच्या देठाचाही अभिलाष वर्ज्य केला आहे.

हीं दोन्ही पत्रें कोंकणचीं असून येथें तीं घेण्याचें कारण असें कीं, त्यांत परिहाराच्या पुढचें पाऊल आहे. गौतमीपुत्राचें ‘अप्रवेश’ एका शेतापुरतें आहे. महाराजांचा निर्बंध सबंध मुलखास आहे, आणि तो रयतेला दिलेल्या सनदेच्या रूपानें नसून शिपायाला घातलेल्या बंदीच्या रूपानें आहे. रयतेस कागद दाखविण्याचीही गरज राहूं नये, असा त्याचा रोख आहे. मोंगलांशीं केलेली तुलना तर फारच बोलकी आहे. राज्य आपलें असणें एवढ्यानें रयतेस अभय मिळत नाहीं, हें राज्यकर्त्यानें आपल्याच लोकांस लिहून कळविलें आहे.

पुढें ही दृष्टि सर्वत्र टिकली असें म्हणतां येत नाहीं. अठराव्या शतकांत ‘घासदाणा’ नांवाची बाब वसुलांत रूढ झाली. नांवावरूनच उघड आहे कीं, घोड्यास लागणारा घास व दाणा फौजेनें गांवांतून उचलूं नये म्हणून गांवानें दिलेला तो पैसा होय. लूट टळली, पण ती न होण्याची किंमत गांवावर बसली, आणि पुढें पुढें घोडे आले नाहींत तरी किंमत चालू राहिली. अभय विकत मिळूं लागलें म्हणजे तें अभय राहत नाहीं, असें आमचें मत आहे. नाशिक-खानदेशाच्या वांट्यास तर याहून वाईट दिवस आले. १८०३-०४ च्या दुष्काळास पर्जन्याच्या तुटीइतकेंच यशवंतराव होळकराच्या व पेंढाऱ्यांच्या फौजांनीं केलेलें पिकांचें नुकसान कारण झालें, असें गॅझेटिअरकार लिहितात. १८१८ सालीं ११ फेब्रुवारीस एल्फिन्स्टननें साताऱ्याहून जाहीरनामा काढून स्वस्थ राहणाऱ्यांस वतनें व इनामें चालविण्याची हमी दिली. त्याच वर्षीं एप्रिलांत त्र्यंबक पडला आणि मे-जूनमध्यें मालेगांवच्या किल्ल्याभोंवतीं तोफा चालल्या. स्वस्थ बसण्यास सांगितलेली रयत तेव्हां कोठें बसली होती, हें जाहीरनाम्यावरून कळत नाहीं. कळेल तर गांवच्या कागदांवरूनच.

म्हणून संग्राहकांस एक विनंती आहे. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांच्या घरचे रुमाल सोडले म्हणजे मोठ्या शिक्क्याच्या सनदा, महजर व निवाडे आधीं उचलले जातात, आणि फाटकीं कौलपत्रें व जमाबंदीच्या यादी तळाशीं राहतात. त्यांत कोणी प्रसिद्ध पुरुष नसतो. कौल इस्ताव्याचा कागद दिसावयास सारखाच असतो : परागंदा झालेल्या पाटलास व कुळांस परत येऊन लावणी करण्याचें आश्वासन, पहिल्या सालीं अल्प धारा, मग साल दरसाल चढ, आणि ठराविक वर्षांनीं पुरी आकारणी. पण प्रत्येक कौल हा एका ओसाड गांवाची साक्ष आहे. अशा कागदाची नक्कल घेतांना केवळ तिथि व शिक्का उतरून थांबूं नये. गांव किती वर्षें खराब होता, कौल मागावयास प्रथम कोण आला, सूट ‘पायमल्ली’च्या सदरीं आहे कीं अवर्षणाच्या, आणि कौलांत फौजेच्या मुक्कामाविषयीं कांहीं लिहिलें आहे काय, हे तपशील अवश्य टिपावे. दिंडोरी, चांदवड, सटाणें व सिन्नर या बाजूंच्या दफ्तरांतील असे दहावीस कौल जरी सालवार लावतां आले, तरी फौजांच्या मार्गांचा नकाशा एकीकडे आणि ओसाड गांवांचा दुसरीकडे असे दोन्ही ताडून पाहतां येतील. कखडीविषयीं जें आम्हांस केवळ तर्कानें म्हणावें लागलें, तें अठराव्या शतकांतील गांवांविषयीं आंकड्यांनिशीं म्हणतां येईल. पावसानें व कसरीनें हे कागद दरसाल कमी होत आहेत, आणि त्यांची नक्कल दगडावर कोणी कोरून ठेविलेली नाहीं.